सहापैकी चौथी गाडी इलेक्ट्रिक झाली, पण त्याआधी अर्थिंग

नाशिकच्या मखमलाबादमधल्या मळ्यातलं आमचं घर, माणसं तेरा, वाहनं सहा. मागच्या नोंदीपर्यंत तीन विजेवर आली होती: वहिनीची आयक्यूब आणि काकांची चेतक या दोन स्कूटर, आणि दिवाळीत घेतलेली जुनी नेक्सॉन ईव्ही कार, ३०.२ किलोवॉट-अवर (म्हणजे तेवढे युनिट) बॅटरीवाली. आता धाकट्या भावाची टियागो ईव्हीही आली. तो रोज अंबडला कंपनीत जातो, त्याला २४ किलोवॉट-अवरची बॅटरी पुरून उरते.

टियागो महिनाभर उशिरा आली, त्याचं कारण सांगतो, कारण जुन्या घरांत हे हमखास होणार. एप्रिलात एका रात्री नेक्सॉन चार्जिंगला लावली आणि चार्जरवर लाल दिवा. प्लग बदलला, बोर्ड बदलला, तरी लालच. शेवटी वायरमनने न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला तर ३४ व्होल्ट! पंचवीस वर्षांपूर्वीचा अर्थिंगचा (गळती झालेली वीज जमिनीत उतरवणारा) पाइप भिंतीलगत, आणि उन्हाळ्यात तिथली माती पार कोरडी ठणठणीत. पावसाळ्यानंतर ओल होती म्हणून दिवाळीपासून गाडी निमूट चार्ज होत होती. स्कूटरचे चार्जर तर कधीच काही बोलले नाहीत. म्हणजे दोन वर्षं आम्ही तसेच चालवत होतो, हे कळल्यावर मला खरंच धडकी भरली. पोरं अंगणात अनवाणी फिरतात.

मोरीचं पाणी जातं त्या बाजूला दहा फूट खड्डा घेतला, नवा रॉड, भोवती बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती. पुन्हा मोजलं, दीड व्होल्ट. दिवा हिरवा झाला तेव्हा आजीने रॉडच्या झाकणावर हळदकुंकू वाहिलं. कृपया गाडी बुक करायच्या आधी अर्थिंग मोजून घ्या, आणि तेही मे महिन्यात.

मंजूर भार ५ वरून १० किलोवॉट केला, थ्री फेज घेतलं. आता दोन्ही गाड्या वेगवेगळ्या फेजवर लागतात, पहाटे मोटर आणि गीझर सुरू झाले तरी बटण पडून वीज जात नाही.

वीजबिलावरून घरात कुरबुर नको म्हणून प्रत्येक पॉइंटला सबमीटर बसवला. आजी रोज सकाळी चहाआधी आकडे वहीत टिपते. त्या वहीतूनच कळलं की नेक्सॉन शून्याच्या जवळून पूर्ण भरायला मीटरवर ३३-३४ युनिट जातात. चार्जिंगमध्ये तेवढी घट धरायचीच. हिची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची, त्यामुळे आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरतो, नाहीतर टक्क्यांचा अंदाज चुकायला लागतो.

चैत्रात सप्तशृंगीला जाऊन आलो. नांदुरीपासून गडापर्यंतच्या घाटात पाच माणसांसह बॅटरीचे १२ टक्के गेले, उतरताना मोटरच गाडी रोखत वीज बनवते, त्यातून २ परत मिळाले. काका ब्रेकला पाय न लावता सगळा घाट उतरले. आयुष्यभर डिझेलवर घाट चढले-उतरलेला माणूस, खाली आल्यावर म्हणाले, “दादाला सांग, त्याची पण बदलायची.”

दादाची मोठी डिझेल गाडी महिन्यातून दोनदा पुण्याला जाते, ती इतक्यात हलणार नाही. त्याआधी पिकअपचा नंबर. टोमॅटोच्या हंगामात ती भरल्या क्रेटसह रोज किती किलोमीटर पळते, हे आजपासून आजीच्या वहीत वेगळ्या पानावर लिहायला घेतलंय.