तुम्ही विचारलंत म्हणून : दोन वेळा जेवणारे घर अन्नअसुरक्षित कसे?

लोकांना पुरेसे अन्न मिळते की नाही, याच्या पाहण्यांसाठी मी घरोघरी प्रश्न विचारते. हे समजल्यावर बहुतेक जण एकच शंका काढतात : ज्या घरात दोन वेळचे जेवण होते, त्या घराला तुम्ही अन्नअसुरक्षित कसे म्हणता? शंका प्रामाणिक असते, म्हणून तिचे उत्तर थोडे सविस्तर देते.

रोममध्ये १९९६ साली भरलेल्या जागतिक अन्न शिखर परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात अन्न पुरेसे, सुरक्षित आणि पोषक असावे एवढेच म्हटलेले नाही. ते प्रत्येकाला सदासर्वकाळ मिळवता आले पाहिजे, असेही म्हटले आहे. काळाची ही अट सर्वांत कठीण आहे. आज ताटात अन्न आहे, पण महिनाअखेरीस असेल की नाही याची खात्री नाही, असे घर या अटीत बसत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तयार केलेल्या आणि २०१४ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या मोजपट्टीत आठ प्रश्न आहेत. गेल्या बारा महिन्यांत अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का, इथून ती सुरू होते. मग पोषक अन्न खाता आले नाही असे झाले का, मोजक्याच प्रकारचे पदार्थ खाऊन भागवावे लागले का, एखादे जेवण टाळावे लागले का, हवे त्यापेक्षा कमी खाल्ले का, घरातले अन्न संपले का, भूक असून खाल्ले नाही असे झाले का, असे विचारत ती अखेर पूर्ण दिवस उपाशी काढावा लागला का, या प्रश्नाशी थांबते. माणसाला भूक लागल्याचा उल्लेख थेट सातव्या प्रश्नात येतो. त्याआधीच्या सहा प्रश्नांत जे घडते ते शेजाऱ्यांना दिसत नाही, आणि पुष्कळदा घरातल्या मुलांनाही कळत नाही, कारण तोवर घरातली मोठी माणसे आपल्या वाट्यातून तूट भरून काढत असतात.

या प्रत्येक प्रश्नाला ‘पैशाअभावी किंवा इतर साधनांअभावी’ अशी अट जोडलेली असते. तीच ती अट आठ वेळा वाचताना नवख्या प्रश्नकर्त्याला ती गाळावीशी वाटते. पण ती गाळली की उपवास करणारा, पथ्यावर असलेला आणि कामाच्या घाईत न जेवलेला माणूसही मोजणीत शिरतो. उत्तर कोण देते याचाही फरक पडतो. कमावणारा माणूस ‘आमच्याकडे सगळे पोटभर जेवतात’ असे सांगतो आणि ते त्याच्या दृष्टीने खरेही असते. सर्वांना वाढून झाल्यावर जी बाई जेवायला बसते तिला वेगळे विचारले, तर ‘हवे त्यापेक्षा कमी खाल्ले का’ या पाचव्या प्रश्नाला ती क्षणभर थांबते आणि मग ‘हो’ म्हणते. त्या एका ‘हो’साठी वेगळा वेळ काढायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

याला जोडूनच विचारले जाते की, धान्य पुरेसे पिकते तर माणसे वंचित का राहतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली याचे जे विवेचन मांडले, ते मला आजही सर्वांत समाधानकारक वाटते. बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसे मेली, पण त्या वर्षीचा धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम पाच टक्क्यांनी कमी होता आणि १९४१ पेक्षा तर जास्तच होता, असे त्यांनी दाखवले. शेतमजूर, मासेमार, न्हावी यांच्याकडे विकायला होते ते श्रम, मासळी आणि हातातले कसब. धान्य महागल्यावर लोकांनी केस कापून घेणे लांबणीवर टाकले, आणि न्हाव्याच्या मेहनतीला जे धान्य मिळत असे ते झपाट्याने घटले. बाजारात धान्य होते. त्यावरचा त्याचा हक्क संपला होता.

आजचे आकडेही हेच दाखवतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२३ मध्ये सुमारे ७३ कोटी लोक भुकेले होते, तर मध्यम किंवा तीव्र अन्नअसुरक्षितता सोसणारे सुमारे २३३ कोटी होते. तुमचा प्रश्न या दोन आकड्यांमधल्या माणसांविषयी आहे.

ही माणसे जेवतात, पण त्यासाठी काय काय मोडतात हे पाहिले पाहिजे. आधी ताटातला महागडा पदार्थ जातो, मग उधारी वाढते, औषध पुढे ढकलले जाते, आणि शेवटी कमाईचे साधनच विकले जाते. शिलाई यंत्र विकले की त्या महिन्याचे अन्न येते, पण पुढच्या प्रत्येक महिन्याची कमाई जाते. शिवाय अडचणीच्या काळात अनेक घरांतली माणसे एकाच वेळी अशा वस्तू विकायला निघतात, त्यामुळे भावही पडतो. मदत बहुधा शेवटच्या दोन प्रश्नांना ‘हो’ येऊ लागल्यावर पोहोचते, तेव्हा ते घर नुसत्या धान्याने पूर्वपदावर येत नाही. पहिल्या तीन प्रश्नांच्या होकारांचे प्रमाण वाढू लागते त्या काळात यंत्र बहुधा अजून घरातच असते, आणि तेव्हा लागणारी मदतही कमी असते.