कोलकात्याचं नाहूम

कोलकात्यात मिठाई सोडून बेकरीत कशाला जायचं, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. नाहूममध्ये जायचं मी मात्र पुण्यातूनच ठरवून निघाले होते. पुण्यातलं लाल देऊळ म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग. त्याच्या परिसरात लहानाची मोठी झाल्यामुळे बगदादी ज्यूंबद्दल मला फार आधीपासून ओढ आहे. १८६७चं ते देऊळ बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी बांधलेलं. त्याच समाजातलं एक कुटुंब कोलकात्यात शंभरावर वर्षं केक विकतंय, म्हटल्यावर तिथे जायलाच हवं होतं.

एस्प्लनेडला मेट्रोतून उतरलं की लिंडसे स्ट्रीटवरचं न्यू मार्केट चालत गाठता येतं. इंग्रजांनी १८७४ साली उघडलेला हा लाल विटांचा बाजार. आत शिरलं की बांगड्या, चामड्याच्या पिशव्या, सुकामेवा आणि मागे लागणारे हमाल. त्या गल्ल्यांत वाट विचारायची गरज पडत नाही, लोण्याचा आणि भाजलेल्या साखरेचा वास आला की तिकडे वळायचं. दुकान अगदी साधं आहे. जुनी लाकडी कपाटं, काचेमागे मांडलेले केक आणि गल्ल्यापाशी गर्दी. इतक्या वर्षांत या मंडळींनी दुकानाला झगमगाट येऊ दिला नाही, याचा मला मनापासून आनंद झाला.

सुरुवात १९०२ची. बगदादहून आलेले नाहूम इस्रायल मोर्दकाय घरी पाव-केक भाजून दारोदार विकायचे. १९१६मध्ये न्यू मार्केटमधली ही जागा मिळाली आणि दुकान आजही तिथेच आहे. त्यांच्यानंतर मुलगा इलायस आणि मग इलायस यांची मुलं, अशा तीन पिढ्या इथे राबल्या. त्यातले डेव्हिड नाहूम म्हणजे शहराच्या दृष्टीने दुकानाचा चेहराच. म्हातारपणीही ते इथे येऊन बसत आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारत. २०१३मध्ये ते गेले आणि मालकी इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या भावाकडे, आयझॅक यांच्याकडे गेली.

आता खाण्याविषयी. नाव प्लम केकचं. गडद, मनुका-चेरींनी ठासून भरलेला आणि हातात घेतला की वजन जाणवेल असा. कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर यांनी असा फ्रूटकेक आपण कधी खाल्ला नव्हता म्हटल्याचं इथे अजून सांगतात. रम बॉल, लेमन टार्ट, चिकन पॅटिस हे तर सगळे घेतातच. पण मला सगळ्यात आवडला तो चीज सांबुसक. खुसखुशीत अर्धचंद्र आणि आत खारट चीज. हा पदार्थ थेट बगदादी स्वयंपाकघरातला. प्लम केक इंग्रजांच्या नाताळसाठी, सांबुसक आपल्या माणसांसाठी. एकाच काचेमागे दोन्ही मांडलेले पाहिले की हे कुटुंब कसं तगलं ते कळतं. शुक्रवारी वेणीसारखा गुंफलेला हल्ला नावाचा पावही इथे भाजला जायचा, शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणासाठी. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू तेल्यांचा घाणा शनिवारी बंद असे, तोच हा शब्बाथ.

तो पाव घेणारी माणसं मात्र शहरात जवळजवळ उरली नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कोलकात्यात काही हजार ज्यू होते. पुढे बरेचसे इस्रायल, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाकडे गेले आणि आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. समाजच असा आटला तर त्याची बेकरी कशी टिकते?

उत्तर दुकानातच आहे. आज गल्ल्यावर आणि भट्टीवर उभी असलेली माणसं ज्यू नाहीत. ते आहेत बंगालातले हिंदू-मुसलमान कारागीर. कणीक किती मळायची, फळं कधी घालायची, हे नाहूम कुटुंबाकडून त्यांच्या हातात उतरलंय. मालक परदेशी असताना चव राखणं म्हणजे काय जबाबदारी असते! वारसा म्हटलं की आपण आडनाव बघतो, पण इथे मला ती चव सांभाळणाऱ्यांबद्दल जास्त आदर वाटला.

दुपारी ब्रेबॉर्न रोडजवळचं १८८४चं मागेन डेव्हिड सिनेगॉग पाहिलं. लाल विटा आणि उंच मनोरा बघून थेट लाल देवळाची आठवण झाली. आत रंगीत काचांमधून ऊन उतरलं होतं, सगळं लख्ख पुसलेलं. इथली देखभालही पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कुटुंबंच करत आली आहेत. नाहूमला जाणाऱ्यांनी हे सिनेगॉग त्याच दिवशी बघावं, दोन्हींची गोष्ट एकच आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं: डिसेंबरात, बडोदिनच्या म्हणजे नाताळच्या आधी, दुकानासमोर भली मोठी रांग लागते. ती गंमत अनुभवायची असेल तर तेव्हाच जा, निवांत खायचं असेल तर इतर महिन्यांत सकाळी जा. प्लम केक चांगला टिकतो, तो घरच्यांसाठी बांधून घ्या. सांबुसक मात्र तिथेच, गरम असतानाच खा.