तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेनच का?

इंग्लिश नाटककारांत पिंटर आहे, स्टॉपर्ड आहे, मग सारखं मायकेल फ्रेनचंच नाव का घेता? नाटकवाल्या मंडळींत बसलं की हा प्रश्न हमखास येतो. माझं नाटक बरंचसं विंगेत उभं राहून पाहण्यात गेलंय, आणि विंगेतून दिसतं ते त्याच्याइतकं नेमकं कोणी लिहिलेलं नाही.

त्याला ते सुचलं तेही मागे उभं असतानाच. 1970 साली लंडनमध्ये त्याच्या एकांकिका चालू होत्या. त्यातल्या एका फार्समध्ये दोनच नट सगळ्या भूमिका करायचे. एका प्रयोगाला फ्रेनने तो मागून पाहिला. कपडे बदलायची झुंबड, या दारातून आत, त्या दारातून बाहेर. समोरच्यापेक्षा हेच जास्त हसवतंय, असं त्याला वाटलं. तरी त्यातून सुचलेलं 'नॉइजेस ऑफ' हे नाटक रंगमंचावर यायला 1982 उजाडलं.

पहिल्या अंकात एका नाटक कंपनीच्या फार्सची शुभारंभाच्या आदल्या रात्रीची तालीम. दुसऱ्यात सेट अख्खा फिरवलेला, त्या फार्सचा तोच अंक मागून. पलीकडे प्रयोग चालू, म्हणून इकडे ब्र काढायचा नाही. नटांची भांडणं, मत्सर, एकमेकांच्या अंगावर धावून जाणं, सगळं मुक्याने. आणि एन्ट्री मात्र चुकवायची नाही! तिसऱ्या अंकात दौऱ्याच्या शेवटी पुन्हा समोरून, तोवर प्रयोगाचा पार बोजवारा. सार्डिन माशांच्या बशांनी जेवढा छळ मांडलाय, तेवढा रंगमंचावरच्या कुठल्याच वस्तूने मांडला नसेल.

माणूस 1933 चा, लंडनचा. लष्करी सेवेत रशियन शिकला, पुढे चेखव्हची भाषांतरं केली ती त्या बळावर. केंब्रिजला तत्त्वज्ञान, मग 'गार्डियन' आणि 'ऑब्झर्व्हर'मध्ये विनोदी सदरं. 'द टिन मेन' ही पहिली कादंबरी 1965 ची.

तत्त्वज्ञान मुरलेलं दिसतं ते 'कोपनहेगन' या नाटकात (1998). जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग 1941 साली जर्मनांच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये तिथल्या भौतिकशास्त्रज्ञ बोरला भेटायला का गेला? हायझेनबर्ग, बोर आणि त्याची बायको मार्गरेट, तिघंही मेल्यानंतर ती भेट पुन्हा पुन्हा करून पाहतात, आणि दरवेळी ती निराळीच निघते. नाटकावर इतका वाद झाला की त्या भेटीबद्दलची बोरची न पाठवलेली पत्रं मुदतीआधीच, 2002 मध्ये खुली करण्यात आली. नाटकाचा असा परिणाम क्वचितच होतो.

त्याच साली त्याची 'स्पाइज' ही कादंबरी. युद्धकाळातला एक मुलगा म्हणतो, माझी आई जर्मन हेर आहे, आणि त्याचा दोस्त ते खरं धरून पाळत ठेवतो. तिला व्हिटब्रेड या ब्रिटिश साहित्य-पुरस्कारांतला कादंबरी-पुरस्कार मिळाला. पण सगळ्या विभागांतून अंतिम पुरस्कार निवडायची वेळ आली तेव्हा तो गेला क्लेअर टोमालिन हिने लिहिलेल्या, सतराव्या शतकातला रोजनिशीकार पीप्स याच्या चरित्राला. क्लेअर म्हणजे फ्रेनची बायको.

'नॉइजेस ऑफ'चा दुसरा अंक नुसता वाचलात तर कंटाळाल, जिकडेतिकडे रंगसूचनाच. तो पाहायचाच. नाट्यवाचन करायचं असेल तर 'कोपनहेगन' घ्या. तीन माणसं आणि तीन खुर्च्या पुरतात.