अलिबागहून सातवीचा वर्ग म्युझियममध्ये न्यायचा असेल तर

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एका दिवसात 'पूर्ण' दाखवायचा मोह आधी सोडा. आम्ही फक्त निसर्गविभाग ठरवला होता, आणि तोही सगळा झाला नाही. झाला नाही तेच बरं.

अलिबागकडच्या शाळांसाठी मांडव्याहून गेटवेची लाँच सोयीची. तासाभराचा प्रवास, आणि उतरल्यावर रीगल सर्कलवरून दहाएक मिनिटं चालत म्युझियम. गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने जाऊ नका, ती भाऊच्या धक्क्याला सोडते, तिथून वर्ग फोर्टात आणणं म्हणजे बसची वेगळी जुळवाजुळव. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, त्यामुळे सहल दिवाळीनंतरच धरा. चालता चालता मुलांना एवढं सांगा की गेटवे आणि म्युझियम, दोन्ही इमारतींचा वास्तुरचनाकार एकच, जॉर्ज विटेट.

गटासाठी मार्गदर्शक आधी ठरवावा लागतो. बुकिंग करतानाच तीन गोष्टी स्पष्ट बोला: माहिती मराठीतून हवी, वर्ग दोन गटांत फिरेल, आणि डबे कुठे खायचे. शिवाय आपल्याला कोणती काचेची कपाटं बघायची आहेत तेही कळवा. नाहीतर प्रत्येक काचेपुढे अर्धा मिनिट थांबून वरात पुढे सरकते आणि मागच्या मुलांना फक्त पुढच्यांच्या वेण्या दिसतात.

आम्ही निवडलं होतं धनेश (हॉर्नबिल), गवा, रोहित (फ्लेमिंगो) आणि मासे. हा विभाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने उभा केलेला. काचेआड नुसता प्राणी नाही, त्याचं रान आहे, मागे रंगवलेला देखावा आहे. पहिला प्रश्न अपेक्षित तोच आला, "बाई, यात भुसा भरलाय का?" आणि लगेच दुसरा, "मग यांना मारलं कोणी?" याची तयारी वर्गातच करून जा. कातडं, पिसं, शिंगं खरी, डोळे काचेचे, आत देहाच्या आकाराचा साचा. आणि हो, जुन्या संग्रहांतले बरेच प्राणी शिकारीतलेच असतात. हे लपवू नका, मुलांना पटतं. आमच्या मार्गदर्शक ताईंनी ते सरळ सांगितलं, म्हणून पुढचा तास पोरं त्यांच्या मागे लागून होती.

सगळ्यात जास्त वेळ धनेशापाशी गेला. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून चारा देतो, हे ऐकून मुलींनी बरेच प्रश्न विचारले, त्यातले काही संसाराचे होते. सोसायटीच्या बोधचिन्हावरचा पक्षी हाच. विल्यम नावाचा धनेश 1894 पासून 1920 पर्यंत त्यांच्या कचेरीतच राहत होता.

माशांच्या कपाटांशी भूमिका उलटल्या. कोळीवाड्यातली मुलं पाटी न वाचताच मुशी, पाखट अशी नावं सांगत सुटली आणि ताई ऐकत उभ्या राहिल्या. किनाऱ्यावरच्या शाळांनी हे कपाट वगळू नये.

एक गोष्ट मात्र निघण्याआधी सांगा, आपल्या तालुक्याची आहे. पक्षितज्ज्ञ सालिम अली 1926 मध्ये याच निसर्गविभागात मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून लागले, म्हणजे लोकांना कपाटं समजावून सांगायचं काम. पुढे ते जर्मनीला शिकायला गेले, परतले तर पैशांअभावी जागाच उरलेली नव्हती. मग ते आपल्या किहीमला राहिले आणि तिथे सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम होतं, आणि मग तोच नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी तिथे नोंदवलं. आमच्या वर्गातली अर्धी मुलं किहीमच्या रस्त्यानेच शाळेत येतात.

लेखी कामाचा एकच कागद द्या आणि त्यावर एकच काम: आवडलेल्या एका पक्ष्याची चोच काढा, ती कशासाठी तशी आहे ते लिहा. रोहिताची वाकडी चोच बहुतेकांनी काढली, कारण तो डोकं उलटं करून चिखलपाणी गाळतो हे त्यांना करून बघायचं होतं. पेन्सिल द्या, पेन नको. छोटी वही पाठीशी धरायला असली तर काचेवर कोणी टेकत नाही.

म्युझियमजवळच सोसायटीचं हॉर्नबिल हाउस आहे. तिथला नमुन्यांचा साठा अभ्यासकांसाठी असतो, तेव्हा पूर्वपरवानगीशिवाय वर्ग घेऊन आत शिरू नका. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ सकाळी उतरतानाच विचारून ठेवा, आणि रविवार टाळा, गेटवेवर रांगेत मुलं मोजणं फार अवघड जातं.