आईला मी 'बाई' का म्हणते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बोलता बोलता मी 'आमची बाई' म्हणते आणि समोरचा माणूस हमखास विचारतो, "बाई म्हणजे कोण? सासूबाई?" माझी सख्खी आई, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग आई का नाही म्हणत?" आजवर 'सवय' म्हणून वेळ मारून नेली. पण सवय कशी लागली ते सांगायला हवं.

मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीपलीकडे एक पट्टी आहे, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. तिथल्या एका वाडीत जिल्हा परिषदेची शाळा होती. पहिली ते चौथी, एक खोली, एक शिक्षिका. ती माझी आई. आमचं घर खाडीच्या अलीकडे, त्यामुळे रोज तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून जायचं. पहिलीच्या पहिल्याच दिवशी मी वर्गात मोठ्याने "आई, पाणी" म्हटलं आणि सगळी पोरं हसली. तिने पाणी दिलं, काही बोलली नाही. संध्याकाळी तरीत बसल्यावर म्हणाली, "थंय मी तुझी एकटीची आई झालंय, तर बाकीच्या पोरांनी हाक कोणाक मारूची?"

दुसऱ्या दिवसापासून बाई. चार वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडात तोच शब्द. घरी आल्यावर जीभ परत वळेना.

त्या शाळेत पोरं यायची ती मालवणी घेऊन. पुस्तकात 'मुलगी' आणि पोरांच्या घरात 'चेडू'. पुस्तकात 'कुठे' आणि तोंडात 'खंय'. बाईने कधी कुणाला 'असं नाही बोलायचं' म्हटलं नाही. मूल बोलेल ते आधी पूर्ण ऐकायची, मालवणीतच उत्तर द्यायची, आणि मग फळ्यावर लिहायची: घरात असं, पुस्तकात असं. दोन्ही शेजारी शेजारी, एकही न पुसता. मी आज चार लोकांसमोर न घाबरता दोन्ही भाषांत बोलते, त्याला तो फळा कारण आहे.

पावसाळा सरला की हजेरीवर रापणीचं राज्य. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर माणसांनी ओढून आणायचे, ही रापण. जो दोराला हात लावेल त्याला वाटा, मग तो आठ वर्षांचा का असेना. घरी चार बांगडे येणार असतील तर पोर शाळेत कशाला येईल? बाई हजेरीपट काखेत मारून वाळूत जाऊन उभी राहायची. ओरडणं नाही, पोरांना दोरावरून ओढणं नाही. जाळं काठाला लागेपर्यंत थांबायची, मग रापणीच्या मोठ्या माणसाला सांगायची, "पोरांका आता माझ्यावांगडा धाडा. त्येंचो वाटो सांजेक घराकडे देवा." ती माणसं वाटा घरी पोचवायची. पोरं ओल्या चड्डीने वर्गात बसायची, खोलीभर माशांचा वास. गरिबाच्या घरातलं जेवण तोडून शाळा भरवायची नाही, हे तिचं म्हणणं. मला ते आजही तिच्या सगळ्या शिकवण्याहून मोठं वाटतं.

१९९१ च्या जनगणनेला शिक्षक म्हणून तिला घरोघर फिरावं लागलं. मी पाचवीला अलीकडच्या शाळेत गेले होते, तरी सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर हिंडायचे. एका घरी माणसं मोजताना मागच्या दारी नऊ-दहा वर्षांची मुलगी दिसली, कडेवर भाऊ. शाळेच्या पटावर तिचं नाव कधी लागलंच नव्हतं. भावाला कोण सांभाळणार, हा आईबापाचा प्रश्न खोटा नव्हता. बाई म्हणाली, "दोघांकाय धाडा." ती मुलगी कडेवर भाऊ घेऊनच यायला लागली. फळ्याखाली कोपऱ्यात घडी घातलेलं जुनं लुगडं अंथरलेलं असायचं, त्यावर ते मूल झोपायचं. ती चौथी पास झाली.

बाबांचं सांगितलं नाही तर ही गोष्ट अर्धी राहील. ते मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कोकणातल्या कितीतरी घरांसारखे आमचेही चाकरमानी ट्रंक घेऊन गावी आले ते आलेच. त्यानंतर घर बाईच्या पगारावर चाललं. पगार आणला की ती देवापुढे ठेवायची आणि बाबांना म्हणायची, "अहो, उचला आणि हिशोब लावा." किराणा, माझी फी, आजीचं औषध, सगळं बाबांच्या हातून जायचं. गावात कुणी त्यांना बायकोच्या जिवावर बसलेला म्हटलं नाही. तशी जागाच तिने ठेवली नव्हती. आणि बाबा काय करायचे? रोज तिन्हीसांजेला तरीच्या धक्क्यावर बॅटरी घेऊन उभे असायचे. थंडीत खडूने तिचा अंगठा आणि पहिलं बोट चिरायचं, तर रात्री कोकमतेलाची वडी चिमणीच्या दिव्यावर ऊन करून तिच्या बोटांना चोळायचे. चारचौघांत तेही तिला बाईच म्हणत.

मला तिचा राग आला नाही असं नाही. सातवीत तापाने फणफणले होते आणि त्या दिवशी तिच्या शाळेत तपासणी. आजीकडे मला सोपवून ती गेली. मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले. रात्री ती भिजून आली, लुगडं न बदलता माझ्याजवळ बसली आणि मी झोपेचं सोंग घेतलं. ती किती वेळ बसली होती ते मला ठाऊक आहे, कारण मी जागी होते. तिला मात्र मी कधी सांगितलं नाही.

बाई निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी बाबा गेले. मग कोकमतेल मी चोळायला लागले. खडू सुटून किती वर्षं झाली होती, पण थंडी पडली की ती दोन बोटं चिरायचीच. तिच्या शेवटच्या थंडीत एका रात्री मी अशीच वाटी घेऊन बसले होते. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आई म्हणान हाक मार गो एकदा."

माझं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे. शब्द घशातच अडकला. मान खाली घालून, तिचं बोट धरूनच, हळू म्हटलं, "आई."

तिने "ओ" दिली आणि दुसरा हात पुढे केला.