तुम्ही विचारलंत म्हणून: पायावर का नाही मारत गोळी?

कळंबोलीत आमच्या बिल्डिंगखाली संध्याकाळी बसलो की कोणीतरी विचारतंच, काका तुम्ही पोलिसात फायरिंग शिकवायचात ना, मग सांगा, पोलीस आरोपीच्या पायावर का नाही मारत? सप्टेंबर २०२४ मध्ये मुंब्रा बायपासला पोलिसांच्या गाडीत आरोपी गोळी लागून मेला आणि हायकोर्टानेही हेच विचारलं, तेव्हापासून तर जास्तच. त्या केसबद्दल मी बोलत नाही, गाडीतल्या पोलिसांना एका माणसाला आवरता आलं नसतं का हा कोर्टाचा सवाल रास्तच आहे. मी सांगतोय ते एरवीचं.

पळत्या माणसाचा पाय ही सगळ्यात बारीक आणि सगळ्यात हलणारी जागा. त्यात तुमची छाती धडधडतेय, हात थरथरतोय, अशा वेळी ट्रिगर हळू दाबला जात नाही, खेचला जातो आणि नळी खाली जाते. वाशी स्टेशनबाहेर संध्याकाळी सातला ती हुकलेली गोळी कुठे जाईल सांगा बरं? आणि लागलीच मांडीत, मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. म्हणून धडावर नेम धरायला शिकवतात, आपल्याकडेच नाही, इंग्लंडमध्येही. तिथे बहुतेक पोलिसांकडे बंदूकच नसते आणि ज्यांच्याकडे असते त्यांना ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा द्यावी लागते, नापास झाला की बंदूक काढून घेतात.

आपल्याकडे काय व्हायचं तर चांदमारीचा, म्हणजे गोळीबाराच्या सरावाचा दिवस ठरायचा आणि नेमका बंदोबस्त लागायचा, मग निम्मी पोरं गायब. जी यायची ती आडवी पडून, निवांत श्वास रोखून, न हलणाऱ्या टार्गेटवर मोजके राऊंड मारायची आणि नंतर पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या गोळ्यांची रिकामी टरफलं, मोजून जमा. एक पुंगळी कमी भरली तर सगळे गवतात गुडघ्यावर बसून शोधायचे, भर उन्हात तासभर, कारण हिशोब लागल्याशिवाय कोणी हलायचं नाही. मला ते पटतं, दारूगोळ्याचा हिशोब हवाच. पण पोराच्या डोक्यात काय चाललं होतं त्याचा हिशोब कुठल्याच रजिस्टरात नव्हता. २६/११ ला सीएसटीवर आपल्या माणसांच्या हातात लाठ्या आणि जुन्या थ्री नॉट थ्री रायफली होत्या, समोर एके-४७. त्यानंतर हत्यारं बदलली, २००९ ला फोर्स वन ही राज्य पोलिसांची कमांडो तुकडी आली, चांगलंच झालं. पण नाक्यावर उभ्या असलेल्या साध्या शिपायाचा सराव वाढल्याशिवाय नुसतं नवीन पिस्तूल देऊन काय होणार?

आणि खरं शिकवायचं असतं ते गोळी कधी झाडायची नाही हे. ओरडून इशारा देणं, आडोसा घेणं, समोरच्याच्या हातात काय आहे ते बघणं, याला मार्कच नव्हते.

एकदा मी मुद्दाम करून बघितलं. दहापैकी नऊ मारणारा एक पोरगा होता, त्याला मैदानाला दोन फेऱ्या पळवून आणलं, धापा टाकत असतानाच पिस्तूल दिलं आणि पाठमोरं उभं करून वळ म्हणालो. समोर पुठ्ठ्यावर माणसाचं चित्र. त्याने वळताक्षणी दोन घातल्या, दोन्ही छातीत. मग आम्ही टार्गेटजवळ गेलो. चित्रातल्या माणसाच्या हातात मोबाईल होता. पोरगा त्या मोबाईलकडे बघत तसाच उभा राहिला, पुंगळ्या उचलायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही, त्या दिवशी त्या मीच उचलल्या.