सराव नोंद: जीपीएसविना दोव्हिल ते पॅरिस

गेले तीन महिने मी फ्लाइट सिम्युलेटरवर जीपीएस आणि हलता नकाशा बंद ठेवून उड्डाण करत आहे. होकायंत्र, घड्याळ, वेगमापक आणि कागदी नकाशा एवढ्यावरच फ्रान्सच्या किनाऱ्यापासून पॅरिसपर्यंत पोहोचायचे, हे मी ठरवले होते. ते मागच्या आठवड्यात दुसऱ्या प्रयत्नात साधले. पण शिकायला मिळाले ते पहिल्या, फसलेल्या प्रयत्नातून, म्हणून तोच सविस्तर लिहिते.

मार्ग निवडला तो चार्ल्स लिंडबर्गमुळे. 20 मे 1927 रोजी न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट फील्डवरून निघून त्याने साडेतेहेतीस तासांत, सुमारे 5,800 किलोमीटर एकट्याने उडून पॅरिसचा ल बूर्जे विमानतळ गाठला. इंधनाची मोठी टाकी वैमानिकाच्या पुढे असल्याने त्याच्या विमानाला समोरची काच नव्हती. बाजूच्या खिडक्या आणि एक लहानसा पेरिस्कोप यांवरच त्याची भिस्त होती. पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर वाकलेला दिसतो, म्हणून त्याने त्याचे तुकडे पाडले आणि साधारण दर तासाला दिशा थोडी थोडी बदलत नेली. एवढा समुद्र ओलांडून आयर्लंडचा किनारा दिसला तेव्हा तो ठरलेल्या मार्गापासून अवघा काही किलोमीटर सरकलेला होता. हे वाचून माहीत असणे वेगळे आणि स्वतः उडताना त्याचे मोल कळणे वेगळे.

मी त्यातला अगदी शेवटचा तुकडा घेतला. किनाऱ्यावरचे दोव्हिल ते पॅरिस हे अंतर सुमारे 95 सागरी मैल आहे (पुढचे मैलही सागरीच) आणि दिशा उत्तरेपासून उजवीकडे मोजून 109 अंश. वेग 90 नॉट (म्हणजे ताशी 90 सागरी मैल), दृश्यमानता 6 किलोमीटर आणि वारा उजवीकडून, मार्गाला जवळजवळ काटकोनात, फक्त 9 नॉट असा ठेवला. एवढ्याशा वाऱ्याने काय होणार, असे समजून मी तो हिशेबात धरलाच नाही आणि नाक सरळ 109 अंशांवर ठेवून निघाले. सीन नदी मांत या गावाजवळ 46व्या मिनिटाला यायला हवी होती. ती 34व्या मिनिटालाच आली.

इथे खरी चूक झाली. नदी दिसल्याच्या आनंदात मी ती मांतचीच आहे असे मानले आणि बारा मिनिटांचा फरक अनुकूल वाऱ्याच्या खात्यावर टाकला. तेवढे अंतर तेवढ्या वेळात कापायला पाठीमागून सुमारे 30 नॉटचा वारा लागला असता, हा साधा भागाकार त्या क्षणी सुचला नाही. मांतच्या चर्चचे जोडमनोरे काही दिसेनात, म्हणून नदीच्या कडेने डावीकडे वळले, तर काही वेळाने खडूच्या पांढऱ्या कड्यावर एका किल्ल्याचे भग्नावशेष उभे राहिले. तो शातो गायार होता, इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. म्हणजे मी नदी गाठली होती ती मांतच्या बरीच अलीकडे, गायों गावापाशी, आणि मार्गाच्या डावीकडे सुमारे 5 मैल सरकून.

हे सरकणे मोजण्यासाठी ‘साठास एक’ हा नियम आहे. साठ मैल त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे 377 मैल भरतो, म्हणून त्याच्या प्रत्येक अंशाला जवळपास एक मैल येतो. अर्थात साठ मैलांवर एक मैल चूक म्हणजे एक अंशाची चूक. मी सुमारे 52 मैलांत 5 मैल सरकले, म्हणजे साधारण 6 अंश. वाऱ्याकडून हिशेब केला तरी तेच उत्तर येते: 90 नॉटला 9 नॉटचा आडवा वारा म्हणजे एक दशांश, आणि साठाचा दशांश सहा. दोन्ही वाटांनी आलेले आकडे जुळलेले पाहून मला फार समाधान वाटले.

मात्र गणितापेक्षा क्रम अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे मत झाले आहे. आधी घड्याळ पाहावे, मग नकाशावर या मिनिटाला काय यायला हवे ते शोधावे आणि शेवटी ते खाली जमिनीवर पाहावे. मी आधी जमीन पाहिली आणि मग तिला नकाशावर बसवत राहिले. सीनसारख्या नागमोडी नदीवर हे विशेष घातक ठरते, कारण तिचे प्रत्येक वळण दुसऱ्या वळणासारखे भासते.

दुसऱ्या प्रयत्नात नाक 115 अंशांवर धरले. नदी 47व्या मिनिटाला आली आणि या वेळी जोडमनोरे होते. 61व्या मिनिटाला धूसर हवेतून आयफेल टॉवर वर आला. लिंडबर्गप्रमाणे त्याला एक फेरी मारून मी ईशान्येकडे वळले आणि ल बूर्जेला उतरले.

पुढचा सराव अटलांटिक न थांबता प्रथम उडून ओलांडणाऱ्या ॲल्कॉक आणि ब्राउन यांच्या मार्गाचा आहे. जून 1919 मध्ये न्यूफाउंडलंडहून आयर्लंडमधील क्लिफडेनपर्यंतच्या सुमारे सोळा तासांच्या उड्डाणात ब्राउनने ढगांच्या फटींतून सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांच्या उंचीचा कोन मोजण्याचे साधन) लावून स्थान काढले होते. ताऱ्याच्या उंचीच्या कोनात एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली, तर स्थानरेषा (आपण जिच्यावर कुठेतरी आहोत ती नकाशावरची रेषा) एक सागरी मैल सरकते. सिम्युलेटरमधले आकाश तितके अचूक आहे का, हे मी आधी जमिनीवर थांबूनच तपासणार आहे.